हजार विड्या आणि दिवसाचे चोवीस तास

नोकरी आणि घर यांचा मेळ कसा घालावा, यावर मराठीत हल्ली पुष्कळ लिहिले जाते. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा पुण्या-मुंबईतली ऑफिसला जाणारी बाई असते. संध्याकाळी सहानंतर मेल पाहू नका, ऑफिस ऑफिसातच सोडून घरी या, रविवार घरच्यांसाठी राखून ठेवा, असे सल्ले तिला मिळतात. सल्ले चांगलेच आहेत. पण सोलापुरात अशोक चौकाच्या आसपास, साखर पेठेत, दत्तनगरात किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात ते कुणाला द्यायचे? तिथे हजारो घरांत बाई जिथे स्वयंपाक करते त्याच्या चार हातांवर विड्या वळायला बसते. कामाला जायचे नसते, म्हणून कामावरून परतायचेही नसते.

विडीचे काम बाहेरून पाहणाऱ्याला सोपे वाटते. कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो. पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, म्हणजे ती मऊ पडतात. मग पत्र्याचा आयताकृती फर्मा पानावर ठेवून कात्रीने तुकडे कापायचे, जाड शिरा काढायच्या. सूप मांडीवर घ्यायचे. डाव्या हातात पानाचा तुकडा, उजव्या हाताने चिमूटभर तंबाखू, एक गुंडाळी, तोंडाशी दुमड, दोऱ्याचे वेढे. पंचवीस-पंचवीस विड्यांचे जुडगे बांधायचे, शाखेत नेऊन द्यायचे, तपासणी होऊ द्यायची आणि पुढचा माल घेऊन परत यायचे. तपासणीत पसंत न पडलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात. मजुरी हजारावर ठरते, तासावर नाही.

या एका गोष्टीने सगळा हिशेब बदलतो. हजार विड्यांना आठ तास धरले, तर एका विडीच्या वाट्याला २९ सेकंदसुद्धा येत नाहीत, आणि त्यातच पान कापणे आले. पोर रडले, दूध उतू गेले, दारात कुणी आले म्हणून दहा मिनिटे उठावे लागले, की वीस विड्या गेल्या. रेशनच्या रांगेत किंवा एखाद्या कार्यालयात अर्धा दिवस मोडला, की निम्मा हजार गेला. घड्याळाकडे न पाहताही या बाया वेळ किती अचूक मोजतात, याचे कारण इथे आहे. त्यांचा प्रत्येक खोळंबा हातातल्या पैशांतून वजा होतो.

याच हिशेबात देशाचा एक आकडा बसवून पाहावा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकाम करतात. घरकामात भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटे. २८९ मिनिटे म्हणजे चार तास एकोणपन्नास मिनिटे. सोलापूरच्या मापात सहाशे विड्या. हे सहाशे कुठल्याही शाखेच्या वहीत चढत नाहीत. पाच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, हेच आकडे २९९ आणि ९७ होते. स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली. ती पुरुषांनी उचलली म्हणावे, तर त्यांचीही नऊ कमी झालेली आहेत.

सोलापूर हे मुळात भोंग्याचे गाव. १८७७ च्या सुमारास सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे सोलापूरकरांची जुनी गिरणी, उभी राहिली. पुढे नरसिंगगिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. गिरणीचे काम कष्टाचे होते, पण भोंगा वाजला की ते सुरू होई आणि भोंगा वाजला की सुटे. कामगारांच्या वेळेसाठी झालेले जुने लढे याच भोंग्याभोवतीचे आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत १८८४ पासून गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली मालकांकडून रविवारची सुटी मान्य करून घेतली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. बाळंतपणाच्या काळात मजुरी मिळावी यासाठीचा देशातला पहिला कायदा मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये केला. त्या विधेयकाच्या चर्चेत १९२८ साली कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली होती.

मुलांचे काय, हा प्रश्न गिरणीच्या फाटकावर रोज उभा असे. त्याचे एक उत्तर भयंकर होते. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन झोपवून जात. आई बारा तासांनी येईपर्यंत पोर गुंगीत पडून राही. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगाने या प्रकाराची दखल घेतली आणि गिरण्यांत पाळणाघरे असावीत अशी शिफारस केली. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्यापुढे दुसरी वाट कोणती होती, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची सक्ती आली. पुढे ती तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यांना लागू झाली, आणि २०१७ पासून मातृत्व लाभ कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मूल पाहता आले पाहिजे, असेही त्यात लिहिले आहे.

हे सारे फाटकाच्या आतल्यांसाठी. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये वेगळा कायदा झाला, त्यात पाळणाघर होते, कामाचे तास होते, सुटी होती. पण त्याच कायद्यात पाने भिजवण्या-कापण्याचे काम परवानगीने कारखान्याबाहेर नेण्याची सोय ठेवलेली होती, आणि विडी वळण्याचे काम हळूहळू सगळेच घरी गेले. काम घरी गेले तेव्हा पाळणाघर मागे राहिले. तंबाखूची धूळ मात्र सोबत आली. ती आता पाळण्यावर, पाण्याच्या हंड्यावर, पोरांच्या दप्तरावर बसते.

काही हक्क घरापर्यंत पोचले, ते संघटनांनी खेचून आणले म्हणून. १९७७ मध्ये विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. १९७६ च्या कल्याण निधी कायद्यातून मुलांच्या शिष्यवृत्त्या, दवाखाने, घरबांधणीला मदत सुरू झाली. घरात बसून काम करणाऱ्यांना कामगारच मानावे, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ साली झाला. त्यासाठी जगभर सर्वांत जास्त झटली ती अहमदाबादची सेवा ही संघटना आणि तिच्या संस्थापक इला भट्ट. भारताने त्या करारावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. ज्या देशात घरोघरी विड्या, अगरबत्त्या, पापड आणि शिलाई चालते, त्याने यात पहिला असायला हवे होते.

घरातच काम करायचे असेल, तर घर कसे आहे यावर सगळे अवलंबून राहते. दहा बाय दहाच्या खोलीत सूप, चूल, पाळणा, अभ्यासाची वही आणि म्हाताऱ्या सासऱ्यांचे अंथरूण एकमेकांना ढकलत असतात. म्हणून सोलापूरच्या विडी कामगारांची सर्वांत मोठी मागणी घराची होती. माकपचे नेते आणि तीन वेळा आमदार राहिलेले नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीच्या माळावर कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. त्याच परिसरात पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्या गेल्या. दोन वेगळ्या पक्षांचे दोन पंतप्रधान एकाच माळावर, एकाच कारणासाठी आले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे अशा लोकांच्या नावावर पक्के घर होणे, आणि तेही इतक्या मोठ्या संख्येने, ही मामुली गोष्ट नाही. घरात दुसरी खोली असली, की तंबाखू एका खोलीत आणि मूल दुसऱ्या खोलीत ठेवता येते. काम आणि घर यांच्या तोलाची सुरुवात इथून होते.

अर्थात वसाहत शहराबाहेर गेली की शहरातला दवाखाना, बाजार, कॉलेज, मोठ्या माणसांचे काम लांब पडते. मग बसची वेळ हा घरातला रोजचा विषय होतो, आणि शाळा सुटण्याची वेळ व पाण्याची वेळ एकत्र आली की घरातले एक माणूस अडकून पडते. हे माणूस बहुधा बाईच असते.

मुलांसाठी गल्लीतली अंगणवाडी आहे. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यावी, ही कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी आणि कोसबाडला रुजवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी हे नाव घरोघरी गेले. खाऊ, लसीकरण, वजन यांसाठी अंगणवाडीला तोड नाही. पण तिचे तास थोडे. चार-पाच तासांनी मूल घरी परत येते, आणि हजारातले बरेच अजून शिल्लक असतात. बांधकाम मजुरांच्या मुलांना दिवसभर सांभाळण्याचे काम १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेशेस या संस्थेतून सुरू केले, पुण्यातही तारा मोबाइल क्रेशेस या संस्थेची पाळणाघरे बांधकामांवर चालतात. घरी बसून काम करणाऱ्या आयांसाठी मात्र असे कुणी फारसे केले नाही. आई घरीच तर आहे, असे म्हणून विषय संपतो. केंद्राच्या मिशन शक्तीतल्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच जोडून दिवसभराचे पाळणाघर चालवण्याची तरतूद आता आहे. विडी घरकुलासारख्या वसाहतींइतकी त्याची गरज दुसरीकडे क्वचित असेल.

आता मोबाइलकडे. घरात एखादा स्मार्टफोन असतोच, आणि वेळ वाचवणाऱ्या ॲपच्या याद्या तर रोज छापून येतात. त्यांतले कोणते घ्यावे, याची एक साधी कसोटी सोलापूरच्या हिशेबातून मिळते: या ॲपने एक खेप वाचते का? वाचत असेल तर ते कामाचे.

उमंग हे सरकारी ॲप २०१७ च्या नोव्हेंबरात आले. त्यावर भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक पाहता येते. कंपनीने पैसे भरले की नाही, नाव आणि जन्मतारीख बरोबर चढली आहे का, हे तपासायला पूर्वी कार्यालयात जावे लागे. आता निधीच्या खात्याचा यूएएन क्रमांक आधारशी जोडलेला असला की ते घरी दिसते. हे वेळेवर पाहण्याचे महत्त्व फार आहे, कारण नावातली एका अक्षराची चूक निवृत्तीच्या वेळी लक्षात आली की मग खेपांना अंत राहत नाही. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाच्या घरांत तर हे सर्रास घडू शकते. माहेरचे आडनाव, सासरचे आडनाव, तेलुगू उच्चार आणि मराठी लेखन यांत एकच बाई तीन कागदांवर तीन नावांची होऊन बसते. मुलगी शाळेत शिकत असेल तर एका संध्याकाळी तिला शेजारी बसवून आधार, पीएफ आणि बँक या तिन्हींवरची नावे ताडून घ्यावीत.

निवृत्त विडी कामगारांची आणखी एक अडचण होती. पेन्शन चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ मध्ये जीवन प्रमाण ही डिजिटल सोय आली, पण ती आधी मुख्यतः अंगठ्याच्या ठशावर चाले. वर्षानुवर्षे पाने आणि दोरा हाताळून बोटांच्या रेषा झिजून जातात, आणि यंत्र म्हाताऱ्या बाईचा अंगठा ओळखतच नाही. जिने आयुष्यभर बोटांवर पोट भरले, तिलाच बोटांमुळे अडकून पडावे लागे. २०२१ च्या नोव्हेंबरपासून चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली. साध्या स्मार्टफोनचा कॅमेरा पुरतो. पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे, आणि ती फार थोडी आहे हे उघड आहे. निदान ती मिळवण्यासाठी रिक्षाला पैसे घालवावे लागू नयेत.

विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्तीही आता नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायची असते. पहिली ते चौथीसाठी वर्षाला एक हजार रुपये, तिथपासून व्यावसायिक पदवीसाठी पंचवीस हजारांपर्यंत. अर्जाची मुदत चुकली की वर्ष गेले. म्हणून फोनच्या कॅलेंडरमध्ये दरवर्षी परत येणारी एक आठवण लावून ठेवावी: शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक. कॅलेंडर हे प्रत्येक फोनमध्ये आधीपासून असलेले आणि सगळ्यांत कमी वापरले जाणारे साधन आहे. एकच कॅलेंडर नवरा, बायको आणि मोठी मुलगी अशा तिघांच्या फोनवर दिसेल असे करता येते. लसीची तारीख, गॅसचा नंबर, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी, शाखेचा हप्ता, शाळेची पालकसभा. एकटीच्या डोक्यात असलेले तिघांच्या डोळ्यांसमोर आले, की निदान आपल्याला ठाऊक नव्हते असे म्हणायला जागा राहत नाही.

ॲपची ही कसोटी सोलापूरच्या दुसऱ्या एका मोठ्या वर्गालाही लागू पडते. ज्यांची मुले पुण्यात नोकरीला आणि आई-वडील सोलापुरात, अशी घरे गल्लोगल्ली आहेत. हुतात्मा एक्सप्रेस, इंद्रायणी, आणि फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई–सोलापूर वंदे भारत, या गाड्यांच्या वेळांवर अनेक कुटुंबांचे शनिवार-रविवार बेतलेले असतात. गाडी दौंडला आहे की कुर्डुवाडीला, हे इंटरनेट नसतानाही मोबाइल टॉवरवरून सांगणारे व्हेअर इज माय ट्रेन हे ॲप इथे घरातल्या म्हाताऱ्यांच्याही फोनवर असावे; जेवणाचे पान कधी वाढायचे ते त्यावर ठरवता येते. या नोकरदारांचा त्रास वेगळा आहे. त्यांच्याही घरात काम शिरले आहे, लॅपटॉपमधून. फ्रान्सने २०१७ पासून कामाची वेळ संपल्यावर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात तसे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. घरून काम करणे म्हणजे काय, याचा अनुभव कोविडच्या टाळेबंदीत लाखो ऑफिसवाल्यांना आला. सोलापूरच्या बायांना तो दोन पिढ्या आधीपासून होता, फक्त त्यांना कुणी त्याबद्दल विचारले नव्हते.

फोनची दुसरी बाजूही आहे. आई विड्या वळत असते, मूल कुरकुर करते, आणि हातात फोन दिला की तासभर शांतता मिळते. ही जुन्या बाळगोळीचीच नवी आवृत्ती आहे, असे म्हटले तर ते कठोर वाटेल, पण कारण तेच आहे: सांभाळायला माणूस नाही आणि काम थांबवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, की वर्षापर्यंतच्या मुलाला पडदा दाखवूच नये, एक वर्षाच्या मुलालाही नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त नको. जितके कमी तितके बरे. आईला रागावून हे साधणार नाही. ते साधेल शेजारच्या दोन-तीन घरांनी आळीपाळीने पोरे सांभाळून, आणि पाळणाघराची मागणी लावून धरून.

मोठ्या मुलांसाठी मात्र फोन शिकवायच्या कामाला लावता येतो, आणि याचे उत्तम उदाहरण सोलापूर जिल्ह्यातलेच आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड फोनने टिपला की त्या धड्याची कविता ऐकू येई, गोष्टीची चित्रफीत दिसे. २०१७ मध्ये राज्य सरकारने ही कल्पना उचलली आणि बालभारतीच्या पुस्तकांत कोड आले. डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरचा निम्मा भाग त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिला, याची बातमी जगभर झाली. पण त्या कोडचा खरा उपयोग ज्या घरात आईला मराठी वाचता येत नाही तिथे आहे. मूल धडा वाचते, अडले की कोड टिपते, आणि आईला सुपावरून हात न काढता तो धडा ऐकू येतो.

हात गुंतलेले पण कान मोकळे, हे विडीच्या कामाचे वैशिष्ट्य. जगात इतर ठिकाणी तंबाखू कामगारांनी त्याचा जो उपयोग केला, तो ऐकण्यासारखा आहे. क्यूबातल्या हवाना शहरात १८६५ पासून सिगार कारखान्यांत वाचक नेमण्याची प्रथा पडली. शेकडो कामगार पाने वळत बसलेले, आणि मधल्या उंच जागेवर बसून एक जण मोठ्याने वाचतो: सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून वर्गणी काढून देत. सरकारला याची इतकी भीती वाटली, की वर्षभरातच बंदी आली. प्रथा मात्र टिकली, आणि आजही तिथे वाचन चालते. माँटेक्रिस्टो आणि रोमियो इ हुलिएता या सिगारींची नावे वाचल्या गेलेल्या साहित्यातून आली आहेत.

इतक्या लांब जायचेही कारण नाही. केरळात कण्णूरला १९६९ साली कामगारांनी दिनेश विडी सहकारी संस्था स्थापन केली. तिथल्या कामशाळांत एक जण वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. वाचणाऱ्याची मजुरी बुडू नये, याची ही किती समंजस व्यवस्था! मलबारच्या विडी कामगारांमध्ये राजकारणाची आणि साहित्याची जी जाण दिसते, तिचा एक झरा या वाचनात आहे.

सोलापुरात कामशाळा घरोघर विखुरली, त्यामुळे असा एकत्र वाचक मिळणे अवघड झाले. दुपारी टीव्हीवरची मालिका तेवढी सोबत करते. पण ओट्यावर चार-पाच जणी सूप घेऊन बसतात, तिथे दिनेश विडीची रीत जशीच्या तशी चालू शकते: कुणाची तरी शाळकरी मुलगी अर्धा तास वाचेल, चौघी मिळून तिच्या आईचा शेकडा भरून देतील. वाचायला कुणी नसेल तर ऐकण्याची सोय फोनवर आहे. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आले तेच मराठी घेऊन. त्याला वर्गणी पडते. आकाशवाणीच्या ॲपवर बातम्या आणि अनेक केंद्रांचे कार्यक्रम फुकट मिळतात, आणि सोलापूर आकाशवाणी तर साध्या रेडिओवरही लागते.

मुलांच्या वाचनासाठी बालभारतीचे किशोर मासिक आहे. १९७१ पासूनचे त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर खुले केले आहेत. मराठीतल्या नामवंत लेखक-चित्रकारांचे काम त्यात पानोपानी आहे आणि एक पैसा पडत नाही. गुगलने २०१९ मध्ये बोलो नावाचे ॲप आणले, पुढे त्याचे नाव रीड अलाँग झाले. मूल मोठ्याने वाचते, ॲप ऐकते आणि अडलेला शब्द सांगते. त्यात मराठीप्रमाणे तेलुगूही आली.

तेलुगूचा मुद्दा सोलापुरात फार मोलाचा आहे. पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, शाळा मात्र अनेक मुलांची मराठी. आईच्या भाषेत गोष्ट आणि शाळेच्या भाषेत पुस्तक, अशी मुलाची ओढाताण होते, आणि अभ्यास घेणे आपल्याला जमणार नाही असे आई आधीच ठरवून टाकते. प्रथम बुक्स या संस्थेच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर, जे २०१५ मध्ये सुरू झाले, अनेक गोष्टी तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत, त्याच चित्रांसह मिळतात. तेलुगू गोष्ट आईने सांगायची, मराठी मुलाने वाचायची; चित्र एकच असल्यामुळे दोघांनाही धागा सापडतो. या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. त्या उतरवून घ्यायला, छापायला, अंगणवाडीत किंवा गल्लीतल्या मंडळाच्या कपाटात ठेवायला कुणाची वेगळी परवानगी लागत नाही, फक्त लेखक, चित्रकार आणि संस्थेचे नाव तसेच ठेवावे लागते.